शेवटची दहा मिनिटं

गेर्लिंगेन, ६ एप्रिल २०२५

प्रिय वन्सं,

पाकिटावरचं जर्मन तिकीट बघून दचकू नका, इथे सगळे खुशाल आहेत. हातात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. तर सत्यजितनं माझा फोन त्याच्या लॅपटॉपला जोडलाय आणि लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला. परवा तुमचा मेसेज आला, "वहिनी, सुनेच्या हातची आमटी घशाखाली उतरते का हो?" तो आम्ही आमटी-भात जेवत असताना समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर उमटला. सुकन्या हसली बिचारी, पण दुसऱ्या दिवसापासून आमटी माझ्याकडे आली. तेव्हा यापुढे खासगी काय ते कागदावर.

सत्यजितचं ऑफिस सायकलवर दहा मिनिटं. सुकन्याचं होम ऑफिस, म्हणजे ती घरात असते पण नसते. आरवला मी मराठीत विचारते, तो मला जर्मनमध्ये उत्तर देतो आणि आमचं छान चाललंय. सत्यजित लहान असताना हौसेनं केलेल्या जर्मनच्या दोन परीक्षा आता कामी येताहेत. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणजे जूनअखेर मी परत.

इथे जिना झाडायची पाळी असते, केअरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी पाटी आमच्या दारावर. मी ओढणी खोचली आणि तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळा जिना लख्ख केला. वरच्या राडोविच मंडळींचं पायपुसणंसुद्धा झटकलं. ते झटकायचं नसतं म्हणे, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण राडोविच मंडळींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि कॉफीला आत बोलावलं.

ही मंडळी मूळची माँटेनिग्रोची. मी आरवच्या नकाशात शोधलं. आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान देश, पण डोंगर, समुद्र, तळं सगळं कोंबून भरलेलं. यांच्याकडे तिकडच्या सिनेमांच्या डीव्हीडीची दोन खोकी आहेत. दर गुरुवारी दुपारी चारला एक लावायचा, असा नेम. मी पहिला बघितला. एक म्हातारा नावाडी, त्याचा मुलगा जर्मनीला कामाला गेलेला, आणि म्हातारा दर शुक्रवारी तळं ओलांडून त्याला घ्यायला धक्क्यावर जातो. पहिली अठरा मिनिटं कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं आवाज बंद आहे, म्हणून मी रिमोट बघायला उठले. पण वन्सं, हळूहळू असा धरतो ना तो सिनेमा. शेवटी मुलगा बायकोमुलांना घेऊन येतो आणि म्हातारा सगळ्यांना होडीत बसवून घरी नेतो. फार बरं वाटलं.

तुमच्या शनिवारच्या सिनेमाचं कसं चाललंय?

तुमची,
शोभना


पुणे, १७ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. आमटीच्या वाक्याबद्दल मी सुकन्याची माफी मागणार नाही, कारण तुम्ही ती अजून उतरते की नाही हे सांगितलंच नाहीत.

शनिवारचं विचारलंत. वाईट आहे. ज्येष्ठ नागरिक संघाला नवे अध्यक्ष आलेत, कुमार. पासष्ट पूर्ण झाल्याच्या दिवशी सभासद झाले आणि सहासष्टाव्या वर्षी अध्यक्ष. त्यांना शनिवारी संध्याकाळी हॉल हवाय, खुर्चीत बसून करायच्या झुंबासाठी. मी म्हटलं, शनिवार सिनेमाचा आहे, मधूदादानं एकवीस वर्षं चालवलाय. ते म्हणाले, मागच्या वेळी नऊ जण होते आणि त्यातले दोन झोपलेले. खोटं नव्हतं. त्या दोघांतल्या एकाला उठवलं तर ते म्हणाले, मी वाचनालय उघडायची वाट बघतोय.

शेवटी ठरलं असं: मे महिन्यात एका खेळाला चाळीस डोकी जमवून दाखवायची, नाहीतर जूनपासून झुंबा. वहिनी, दादा गेल्यावर मी हा शनिवार कसा ओढलाय ते मलाच माहीत. तो बंद पडला तर मला दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. आणि तुम्ही तर दोन वर्षं हॉलची पायरी चढलेल्या नाहीत. मी विचारत नाही, विचारलं की तुम्ही विषय बदलता. पण आता घरच्या शनिवारावर गदा आली आहे, तेव्हा लांबून का होईना हात लावा.

माँटेनिग्रो हे नाव पुण्यातल्या कुठल्याही फिल्म क्लबाच्या फळ्यावर अजून लागलेलं नाही. माझा नातू वेदांग हे सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससकट रीतसर मिळवून देतो म्हणाला. तुम्ही बघा, चांगले निवडा आणि परिचय लिहून पाठवा. दादा गेल्यापासून मला परिचय जमत नाही, मी सगळंच सांगून टाकते.

एकच अट. शेवट गोड पाहिजे. नीताताईंना डॉक्टरनी दुःखी सिनेमे बंद केलेत, आणि बाकीचेही आत येण्याआधी दारातच विचारतात. आपल्या वयात दुःखी शेवट म्हणजे चालू घडामोडी, तो बघायला हॉलमध्ये कोण येणार?

आणि ही "राडोविच मंडळी" म्हणजे नक्की कोण कोण?

तुमची,
मनोरमा


गेर्लिंगेन, २७ एप्रिल २०२५

प्रिय वन्सं,

कुमारांना म्हणावं, खुर्चीत बसून झुंबा करायचा तर आपापल्या घरच्या खुर्चीत करा. तुमचं पत्र वाचून मी इतकी तापले की सुकन्यानं बीपीचं यंत्र आणलं.

निवड सांगते. नावाड्याचा सिनेमा पहिला. दुसरा मिठागराचा. समुद्राकाठी मिठागर आहे, तिथे दोन बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. का, तर आईच्या अंत्ययात्रेत पुढे कोणी चालायचं यावरून. शेजारी शेजारी घरं, मधे एक अंजिराचं झाड, आणि त्याची पिकलेली अंजिरं दोघी मुद्दाम कुजू देतात. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. शेवटी धाकटी थोरलीच्या घरी जाते आणि दोघी माशाचं कालवण करून जेवतात.

तिसरा शाळेचा. उंच डोंगरात शाळा, बर्फ खिडकीपर्यंत, मास्तर एक आणि विद्यार्थिनी एक. तीही गेली तर शाळा बंद. मास्तर तिला एकटीला रांगेत उभं करून प्रार्थना म्हणायला लावतात. शेवटी खालच्या गावातून तीन भावंडं राहायला येतात आणि घंटा वाजते. तिन्ही एक नंबर. संथ आहेत, वारा फार आहे आणि लोक बोलण्यापेक्षा कॉफी जास्त पितात, पण माणसं आपली वाटतात. शेवट सगळे गोड. तुम्हाला आठवतो का आपण दाखवलेला तो पोलिश सिनेमा, रेल्वे फाटकावर काम करणारी बाई, तिला शेवटी हरवलेला मुलगा सापडतो? त्याच जातीचे आहेत.

आता कसे बघतो ते. डीव्हीडीवर सबटायटल्स नाहीत. दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवून मला जर्मनमध्ये गोष्ट सांगितली जाते. तेही इथे परके, मीही परकी, त्यामुळे दोघांचं जर्मन सोपं आहे. आणि शेवटची दहा मिनिटं राहिली की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. एवढ्या वर्षांची सवय. दिवे लागले की सगळ्यांच्या हातात चहा पाहिजे, तर आधण दहा मिनिटं आधी ठेवायलाच लागायचं. त्या सगळ्या सिनेमांचे शेवट मला ह्यांनी स्कूटरवर सांगितले, घरी जाताना, मान मागे वळवून. दोनदा पडता पडता वाचलोत. इथे मी चहाचे दोन कप घेऊन आले की हेर राडोविच (हेर म्हणजे इथलं श्रीयुत) शेवट सांगतात.

मंडळी म्हणजे ते एकटेच आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, बायको सात वर्षांपूर्वी गेली, मुलगी लांब असते. लिहिण्याच्या ओघात मंडळी झाली.

हॉलमध्ये येण्याचं म्हणाल तर मला ते जमत नाही, वन्सं. कारण विचारू नका. परिचय हवे तेवढे लिहून देते.

तुमची,
शोभना


पुणे, ९ मे २०२५

प्रिय वहिनी,

लिहिण्याच्या ओघात एका माणसाची मंडळी होते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुमचं दुसरं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. त्यात नातवाचं नाव नाही. सुनेला तुम्ही फक्त बीपीच्या यंत्रापुरती ठेवलीत. बाकी चार पानं अंजिराचं झाड आणि हेर. मी काही म्हणत नाही. तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या, सज्ञान आहात. फक्त एवढंच विचारते की ते दिसायला कसे आहेत आणि चहात साखर किती घेतात.

कामाचं. नावाड्याचा सिनेमा शनिवारी, २४ मेला ठरवला. वेदांगनं मिळवलाय. मी आधी बघणार नाही. दादाचा नियमच होता, परिचय लिहिणाऱ्यानं बघायचा, बाकीच्यांनी कोरं यायचं. तुमचा परिचय फळ्यावर माझ्या अक्षरात लावलाय आणि खाली लाल खडूनं लिहिलंय, "शेवट गोड. हमी आहे." हमीखाली मी सही केली. कुमार वाचून गेले आणि म्हणाले, बघू. नीताताई येणार आहेत, त्यांच्या भिशीच्या अकरा बायका येणार आहेत. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या सगळ्यांना मी मुद्दाम फोन केले. म्हटलं, मुलगा जर्मनीहून परत येतो, बघाच.

चाळिसाचा आकडा गाठला की तुम्हाला कळवते.

तुमची,
मनोरमा


गेर्लिंगेन, १८ मे २०२५

प्रिय वन्सं,

साखर दोन चमचे. दिसायला उंच आहेत, कान मोठे आहेत. १९७१ साली लेथवर काम करायला आले आणि इथलेच झाले. आणि तुमच्या डोक्यात जे आहे त्यातलं काही नाही. इतक्या वर्षांनी दुसऱ्या माणसाच्या घोरण्याची सवय करून घ्यायची ताकद माझ्यात नाही.

मात्र ते गुरुवारी टाय लावतात हे कबूल केलं पाहिजे. सुकन्याच्या ते लक्षात आलंय. ती काही बोलत नाही, पण गुरुवारी पावणेचारला मला म्हणते, "आई, ती निळी साडी नेसा ना." सत्यजित घाबरलाय. काल मला विचारत होता, आई, वर बसून तुम्ही नक्की करता काय? मी म्हटलं, फिल्म क्लबचं काम. तर म्हणतो, क्लब पुण्यात आहे. मी म्हटलं, शाखा उघडली.

एक गंमत सांगते. परवा मिठागराचा सिनेमा मी पुन्हा लावायला सांगितला, परिचय नीट लिहावा म्हणून. चहा लवकर उकळला आणि मी दोन मिनिटं आधीच कप घेऊन आले, तर हेर राडोविच सोफ्यावरून असे उठले की गुडघा टेबलावर आपटला, आणि त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, संपला, संपला, कालवण फार छान झालं. या वयातही माणूस किती धांदरट असतो.

चोवीस तारखेला मी इथून देवाला हात जोडून बसते. चाळीस जमू देत.

तुमची,
शोभना


पुणे, २५ मे २०२५

वहिनी,

"प्रिय" मुद्दामच लिहिलेलं नाही.

सत्तेचाळीस जण आले. वाचनालयातल्या खुर्च्या आणल्या. कुमार पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसले. मी तुमचा परिचय वाचला, शेवट गोड असल्याचं माइकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा सुरू झाला आणि अठराव्या मिनिटापर्यंत कोणी बोललं नाही, तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं, घाबरू नका, आवाज चालू आहे.

वहिनी, मुलगा येत नाही.

मुलाचं पत्र येतं. तो तिकडेच लग्न करून राहणार आहे, येणार नाही. म्हातारा पत्र घडी करून खिशात ठेवतो, पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखी होडी काढतो आणि धुक्यात जातो. मग सकाळ होते आणि काठच्या लव्हाळ्यांत होडी सापडते. रिकामी. संपला सिनेमा. नावं सुरू झाली. सत्तेचाळीस माणसं, त्यातल्या निम्म्यांची मुलं परदेशात, आणि फळ्यावर माझ्या सहीची हमी.

मी दिवे लावले नाहीत. धीरच होईना. नीताताई रडत होत्या, त्यांच्या मागे भिशी रडत होती. मला वाटलं आता रुग्णवाहिका बोलवावी लागणार. तेवढ्यात कुमार उठले. मी मनात झुंबाला हॉल देऊन टाकला. तर त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, माझा मुलगा मेलबर्नला असतो, मी दर रविवारी फोन हातात घेऊन बसतो, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मग जो तो बोलायला लागला. साडेआठपर्यंत कोणी हललं नाही. नीताताईंनी घरी जाऊन बीपी मोजलं, ते चांगलं निघालं. कुमार म्हणाले, झुंबा जुलैत बघू, पुढचा कुठलाय तो सांगा. २८ जूनला मिठागराचा लावायचाय.

तेव्हा शनिवार तूर्त वाचलाय. पण तुम्ही वाचलेल्या नाही.

रात्री घरी येऊन मी उरलेले दोन्ही सिनेमे बघितले, नियम गेला खड्ड्यात. मिठागराच्या सिनेमात कालवण नाही. धाकटी जाते तेव्हा थोरलीच्या दारात माणसं जमलेली असतात, तिला एक दिवस उशीर झालेला असतो. शाळेच्या सिनेमात भावंडं नाहीत. मुलगी निघून जाते आणि मास्तर रिकाम्या शाळेत घंटा वाजवतो. हेर राडोविच तुम्हाला धादांत खोटं सांगत होते. म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला, वहिनी. धांदरट तुम्ही आहात.

त्यांच्यावर मला राग धरता येईना, कारण मग मला ती फाटकवाली पोलिश बाई आठवली. तिचा मुलगा तिला सापडत नाही. मी स्वतः तिसऱ्या रांगेत होते. मी शनिवारच्या सिनेमांची जुनी वही काढली. तुम्ही चहाच्या वेळी जी मतं द्यायचात ती आठवली. आम्ही सगळे डोळे पुसत घरी जायचो आणि पुढच्या शनिवारी तुम्ही म्हणायचात, "किती छान, शेवटी सगळे भेटले." आम्हाला वाटायचं वहिनींची दृष्टीच वेगळी आहे. वहिनी, तुमचे सगळे शेवट दादानं बदललेले होते.

तुमची,
मनोरमा


गेर्लिंगेन, ३ जून २०२५

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र घेऊन मी तशीच वर गेले. गुरुवार नव्हता, त्यामुळे टाय नव्हता. मी विचारलं, मुलगा येतो की नाही येत? त्यांनी मला आत बसवलं. मग म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, तुम्ही हातात दोन कप घेऊन दारात उभ्या होतात आणि विचारलंत, आला का हो मुलगा? मी काय सांगणार होतो?" पहिल्यांदा एवढंच झालं. मग प्रत्येक वेळी नवीन शेवट रचायला लागले. बुधवारी रात्री जागून ठरवायचे म्हणे. म्हणाले, मी स्वतः घरी परत गेलो नाही, पण दर गुरुवारी एकाला तरी घरी पोचवत होतो. मग मीच कॉफी केली आणि दोघं प्यायलो. त्यांच्यावर चिडणं मलाही जमलं नाही.

ह्यांच्यावर मात्र मी चिडले आहे. एकवीस वर्षं, वन्सं. आठवड्याला एक धरला तरी हजारावर सिनेमे झाले. त्यातली किती माणसं खरोखर मेली? ती इराणी मुलगी शाळेत जाते ना? तो जपानी म्हातारा डॉक्टर, त्याला पेन्शन मिळतं की नाही? मी जगातल्या सगळ्या देशांबद्दल चांगलं मत करून बसलेय. मला वाटायचं गंभीर सिनेमा म्हणजे आधी दोन तास त्रास आणि मग जेवण. आणि भांडायला माणूस समोर नाही. काल मी ह्यांच्या फोटोला, जो सत्यजितनं पुस्तकांच्या कपाटावर ठेवलाय, मोठ्यानं म्हटलं, "खोटारडे आहात." आरव तिथेच खेळत होता. त्यानं चक्क मराठीत विचारलं, "कोण खोटारडे?" इथे आल्यापासूनचं त्याचं पहिलं मराठी वाक्य, आणि ते हे.

हसून झालं. आता जे खरं विचारायचंय ते विचारते, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

ह्यांच्या आजारात हे मला रोज सांगायचे, रिपोर्ट चांगले आहेत. तेही स्कूटरवरच्या शेवटांसारखंच होतं, आता कळतंय. आणि त्या शेवटच्या दुपारी मी खाली कँटीनमध्ये चहा आणायला गेले होते. दहा मिनिटं. मी वर आले तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात आणि म्हणालात, "झोपेतच गेला दादा, काही कळलं नाही त्याला." मी तुमच्यावर विश्वास ठेवला, कारण मी आयुष्यभर शेवट दुसऱ्याच्याच तोंडून ऐकलेत.

वन्सं, तुम्ही खोलीत होतात. खरा शेवट काय होता?

जो असेल तो लिहा. गोड नको.

तुमची,
शोभना


पुणे, ११ जून २०२५

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दोन कोरे कागद टाकून दिले. हा तिसरा.

दादा झोपेत गेला नाही. तुम्ही खाली गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी तो जागा झाला. श्वास लागला होता. त्रास होत होता, खूप होत होता, हे मी कमी करून सांगत नाही. मी बेल दाबली, नर्स धावत आली. त्यानं माझा हात धरला आणि विचारलं, "शोभना कुठंय?" मी म्हटलं, आलीच, खाली गेलीय. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "शोभना आली?" मी म्हटलं, येतेय, जिन्यात आहे. खरं तर तुम्ही कुठे आहात ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नुसतं दाराकडे बघितलं. मग त्यालाच समजलं असावं. तो हसला, वहिनी. इतका त्रास होत असताना हसला आणि म्हणाला, "शेवट आला की ही नेमकी उठून जाते."

त्यानंतर तो काही बोलला नाही. तुम्ही पाचेक मिनिटांनी आलात. तुमच्या हातात दोन ग्लास होते. ते बघून मी जे सुचलं ते बोलले. मला वाटलं, त्यानं तीनदा हाक मारली आणि तुम्ही नव्हतात, हे तुम्हाला कळलं तर तुम्ही स्वतःला कधी माफ करणार नाही. म्हणून दोन वर्षं गिळून बसले. मी चुकले असेन तर मला बोला. दादाला बोलता येत नाही, निदान मला बोला.

तुमची,
मनू


गेर्लिंगेन, २० जून २०२५

प्रिय वन्सं,

पत्र जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसून वाचलं. हेर राडोविच भाजी घेऊन वर चालले होते. ते काही न विचारता एक पायरी सोडून शेजारी बसले. मग सुकन्या बाहेर आली, तीही बसली. आम्ही तिघांनी मिळून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडवली. मी रडत होते. हे गेल्यापासून मी रडले नव्हते, तुम्हाला ते माहीत आहे. तुम्ही सगळे त्याला माझा धीर म्हणत होतात.

धीर नव्हता तो, वन्सं. तुम्ही विचारायचात ना, हॉलची पायरी का चढत नाही? तिथे सगळे मला म्हणायचे, भाग्यवान माणूस, झोपेत गेला. आणि मला आत कुठेतरी लागायचं की अठ्ठेचाळीस वर्षं बरोबर राहिलेला माणूस माझी आठवणसुद्धा न काढता निघून गेला. झोपेतल्या माणसाला काय आठवण यायची? कोणाला सांगायची सोय नव्हती. चांगलं मरण आलं म्हणून कोणी रडतं का?

मला दुखू नये म्हणून तुम्ही जे झाकलंत, तेच मी दोन वर्षं शोधत होते. तुमच्यावर रागावू कशी? ह्यांच्यावरही आता राग नाही. काल मी हेर राडोविचना सांगितलं, नावाड्याचा सिनेमा लावा आणि मधे थांबवू नका. मी जागची उठले नाही. होडी रिकामी येते. बघितलं मी.

गुरुवारी निघते, शुक्रवारी पुण्यात. शनिवारी मिठागराच्या खेळाला येईन आणि परिचय मीच वाचेन. शेवट वाईट आहे, हे आधीच सांगेन. ज्यांना जायचं त्यांनी जावं. मी बसणार आहे.

तीनदा विचारलं ह्यांनी. मी काल दिवसभर मोजत होते, वन्सं. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा.

तुमची,
शोभना